घरी बांधलेली हलकी स्पोर्ट्स कार : आराखडा आणि नियम

घरच्या गॅरेजमध्ये दोन आसनांची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार स्वतः बांधण्याची ब्रिटनमध्ये जुनी परंपरा आहे. तिचा आदर्श म्हणजे कॉलिन चॅपमन यांची १९५७ मधील ‘लोटस सेव्हन’. तयार मोटारीवर त्या काळी खरेदीकर लागे. सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून अनेक जण संच घेऊन गाडी घरीच जोडत. १९७३ मध्ये खरेदीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत अशी गाडी बांधण्याची रीत पुस्तकरूपाने मांडली. या गाड्या ‘लोकॉस्ट’ म्हणून ओळखल्या जातात.

आराखड्याचा पाया वजन हाच असतो. ५०० किलोच्या गाडीला ८५ अश्वशक्तीचे साधे इंजिन जी चपळाई देते, तीच हजार किलोच्या गाडीला देण्यास १७० अश्वशक्ती लागते. शिवाय वजन घटले की ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर यांवरील भारही घटतो.

सांगाडा सुमारे २५ मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी नळ्यांचा असतो. नुसती आयताकृती चौकट पिळली जाते; तिरकी नळी घालून तिचे त्रिकोण केले, की थोड्या वजनात ताठपणा येतो. चौकटीवर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने बसवतात. चालकाची उंची आणि खांद्यांची रुंदी मात्र नळ्या कापण्यापूर्वीच मोजावी लागते.

यांत्रिक भाग बहुधा एकाच जुन्या गाडीतून घेतात, म्हणजे ते एकमेकांशी जुळतात. ‘लोकॉस्ट’साठी फोर्ड एस्कॉर्ट निवडली गेली, कारण तिचे इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना होती. पुढच्या चाकांना चालना असलेल्या गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स एकत्रितपणे आसनांच्या मागे बसवता येतात. पण मग सांगाडाच वेगळा आखावा लागतो.

खरी कसोटी रस्त्यावर येण्याच्या परवान्याची. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. तीत ब्रेक, दिवे, आसनपट्टे, धूर व आवाज यांबरोबरच बाहेर आलेल्या कडांची गोलाईही पाहिली जाते. त्यामुळे जाणकार बांधणारे नियमपुस्तिका आधी वाचतात आणि वेल्डिंग नंतर करतात.

भारतात ही वाट अधिक खडतर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते, ही व्यवस्था मुख्यतः उत्पादकांसाठी आहे. जुन्या गाडीचे रूप पालटावे, तर मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून येथे पहिली नळी कापण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे, हीच आराखड्याची पहिली पायरी ठरते.