आरसी क्रॉलरला मोटर कोणती? ब्रश्ड की ब्रशलेस, घेण्याआधी हे वाचा

रिमोटवर दगड-धोंडे चढणाऱ्या क्रॉलर गाडीला पळायचं नसतं, मुंगीच्या चालीने चढायचं असतं. मोटर निवडताना हे विसरलात तर पैसे पाण्यात गेलेच समजा.

ब्रश्ड : स्वस्त, साधी, दोन वायरींची. कार्बनचे ब्रश घासत असल्याने झिजतात. पाण्या-चिखलात जरा लवकरच. मोटरवरचा 'टी' हा आकडा म्हणजे तारेचे वेढे. वेढे जास्त तेवढा वेग कमी आणि ताबा चांगला. क्रॉलरला साधारण ३५ ते ५५ टी वापरतात.

ब्रशलेस : ब्रशच नाहीत, त्यामुळे झीज कमी आणि एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त वेळ चालते. मात्र किंमत जास्त. सेन्सर नसलेली साधी मोटर अगदी हळू चालवताना गचके देते आणि ऐन चढावर त्याच गचक्याने गाडी कोलमडते. म्हणून घ्यायचीच तर सेन्सरवाली घ्या.

महत्त्वाचं : ब्रशलेसला तीन वायरी असतात. जुन्या ब्रश्ड ईएससीवर ती चालत नाही. नवीन ईएससीचा खर्च आधीच धरा.

मग घ्यायची कोणती? पहिलीच गाडी असेल तर ब्रश्ड पुरेशी. हात बसला, दर आठवड्याला गाडी बाहेर निघू लागली, की ब्रशलेसचा विचार करा.