स्पॅनियल कुळाचा पूर्वेतिहास

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी लंडनात राजवैद्य म्हणून लौकिक पावलेल्या डॉ. जॉन कीझ यांनी, कॉनराड गेसनर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून, ब्रिटनमधील श्वानांविषयी एक छोटेखानी लॅटिन ग्रंथ सिद्ध केला व तो १५७० साली प्रसिद्ध झाला. स्पॅनियल कुळाची पहिली पद्धतशीर वाटणी त्यात सापडते. पण आज ज्यांच्या नावांचा उच्चार होतो त्या कॉकर, स्प्रिंगर वा क्लंबर यांपैकी एकाचाही निर्देश तीत नाही. ही कुत्री मूळची स्पेनमधली, ही समजूत मात्र त्याहूनही जुनी. फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा प्रांताचा अधिपती गास्तों फेब्यूस याने १३८७ साली लिहावयास घेतलेल्या मृगयाग्रंथात ती नमूद आहे.

कीझसाहेबांनी वाटणी केली ती निव्वळ कामावरून. झुडपांत दडलेला पक्षी उठवून ससाण्याच्या हवाली करणारा एक, पाण्यात पडलेले सावज काढून आणणारा दुसरा, आणि तित्तिरांचा माग लागताच जागच्या जागी थबकून पोट भुईला टेकवणारा तिसरा. या तिसऱ्याचे काम फार नाजूक असे. वास येताच तो पंजा उचलून दिशा दाखवी, मग गवतात सरपटत थोडा पुढे जाई व थव्याच्या समोर निश्चल पडून राही. मागाहून शिकारी जाळे पसरीत येई आणि ते सबंध थव्यावर ओढून घेई. ज्या कुत्र्याला एवढा धीर नसे तो त्या काळी निरुपयोगी ठरे. पुढे चकमकीच्या बंदुका सुटसुटीत झाल्या, उडता पक्षी छऱ्यांनी टिपण्याची कला रुळली, तसे जाळे मागे पडले. भुईला चिकटून राहणाऱ्यांच्या वंशातून सेटर ही निराळी शाखा निघाली, आणि पक्ष्याला भर्रकन उडवून देणाऱ्या स्प्रिंगरला महत्त्व आले. स्त्रियांच्या मांडीवर मिरवणाऱ्या चिमुकल्या स्पॅनियलांची कीझ यांनी यथेच्छ कुचेष्टा केली आहे. तथापि पोटदुखीवर हे कुत्रे उराशी धरल्यास गुण येतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. वैद्याला उपचार सोडवत नाही, दुसरे काय!

कामावरची ही वाटणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदावर आली. १८७३ साली लंडनात केनेल क्लबची स्थापना झाली, वंशावळीचे दप्तर उघडले गेले आणि प्रदर्शनांचा सुकाळ झाला. पण दप्तराला नेमकी सीमारेषा लागते, आणि स्पॅनियलांत ती काढावी कुठे? अखेर तराजू मदतीस आला. पंचवीस पौंडांच्या आत भरेल तो कॉकर, त्याहून जड तो फील्ड स्पॅनियल. म्हणजे एकाच कुत्रीच्या एकाच वेतातील दोन सख्ख्या भावांच्या जाती भिन्न ठरत, आणि प्रसंगी एखादा कॉकर अंगाने भरताच फील्ड स्पॅनियल होऊन बसे. वजनाची ही अट १९०१ पर्यंत चालली. स्प्रिंगरची स्वतंत्र नोंद व्हावयास १९०२ साल उजाडले. वुडकॉक पक्ष्यासाठी काटेरी जाळीत शिरणारा हाच चपळ कॉकर पुढे घराघरांत पोहोचला. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत त्याला बाळगणाऱ्यांना त्याचे ते लोंबते, केसाळ कान पावसाळ्यात चिघळले की केवढा व्याप होतो ते सांगावयास नको. फील्ड स्पॅनियलचे मात्र प्रदर्शनापायी पुरते धिंडवडे निघाले. पाठ लांब आणि पाय आखूड करण्याच्या हव्यासात त्याची अशी गत झाली की शेताचे साधे कुंपण ओलांडणेही त्याला जड जाऊ लागले.

क्लंबरची कुळकथा सर्वांत रसाळ. फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला तेव्हा नोआयच्या ड्यूकने आपली श्वानशाळा नॉटिंगहॅमशरमधील क्लंबर पार्क येथे न्यूकॅसलच्या ड्यूककडे सुरक्षित धाडली, असे सांगतात. पण चित्रकार फ्रान्सिस व्हीटली याने १७८८ साली रंगविलेल्या चित्रात याच न्यूकॅसलच्या ड्यूकसमवेत पांढरे, पिवळसर ठिपक्यांचे, बसक्या ठेवणीचे हे कुत्रे स्पष्ट दिसतात. आणि बॅस्टिल पडले ते १७८९ च्या जुलैत. तेव्हा निर्वासित उमरावाची कथा सोडून द्यावी हेच बरे. क्लंबर वजनाने भारी, चालीने संथ आणि कामात बहुतांशी मुका. दाट झाडीत हाकाऱ्यांसारखे ओळ धरून रान विंचरावे तर त्यानेच. याउलट ससेक्सच्या रोझहिल येथे फुलर यांनी १७९५ पासून जोपासलेला सोनेरी तपकिरी स्पॅनियल वास लागताच भुंकतो. तिकडील झुडपे इतकी निबिड की कुत्रा दृष्टीस पडत नाही. धन्याला त्याचा ठावठिकाणा कळतो तो आवाजावरूनच.

दरबारी शाखेचा इतिहास वेगळ्याच वळणाने गेला. दुसरा चार्ल्स भर मंत्रिमंडळाच्या बैठकीत कुत्र्याशी खेळत बसतो म्हणून सॅम्युएल पीप्सने आपल्या रोजनिशीत नाक मुरडले होते. त्या काळच्या चित्रांत या कुत्र्यांची तोंडे निमुळती दिसतात. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत चपट्या नाकाची टूम निघाली आणि जुना चेहरा जवळजवळ लोपला. तो परत मिळावा म्हणून रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने १९२६ मध्ये क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात पंचवीस पौंडांचे इनाम जाहीर केले. लांब नाकाचे कुत्रे प्रदर्शनाच्या दृष्टीने टाकाऊ समजले जात, तेच आता शोधून आणले जाऊ लागले. १९२८ साली त्यांचे मंडळ स्थापन झाले, त्याच वर्षी एल्ड्रिज निवर्तले, आणि १९४५ साली कॅव्हेलियर किंग चार्ल्स या नावाने दप्तरात स्वतंत्र खाते उघडले. ज्या मूठभर कुत्र्यांवर ही जात उभी राहिली त्यांचे दोष मात्र वंशाबरोबर उतरले. हृदयाची झडप निकामी होण्याचा विकार तीत इतका सार्वत्रिक आहे की, मस्तकाच्या व्याधींसह तो विचारात घेऊन, ओस्लोच्या न्यायालयाने २०२२ साली कॅव्हेलियरची पैदास नॉर्वेच्या प्राणिकल्याण कायद्याचा भंग करणारी ठरविली.