बेंजोची तार

भाद्रपदात चाकरमानी कोकणातल्या अलोऱ्यात उतरले, की आरत्यांच्या जोडीला बेंजोही ऐकू यायला लागतो. ढोल-ताशा आणि पॅड ठेका धरतात, पण गाणं कुठलं हे कळतं ते बेंजोवरून. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत विचारा नाहीतर वाडीवर, बेंजो आपलाच, यात कुणाला शंका नसते. त्याचं कूळ शोधायचं तर मात्र थेट जपानात, नागोया शहरात जावं लागतं.

1912 साली तिथल्या गोरो मोरिता यांनी तारेच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. परदेश दौऱ्यात टाइपरायटर पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्य झालं ताइशोगोतो. 1930च्या दशकाच्या सुमारास ते आपल्याकडे पोचलं. पेटीवर नाव पडलं बुलबुल तरंग, लोकांच्या तोंडी बेंजो. पलीकडे बलुचिस्तानात त्याचाच बेंजू झाला आणि तिथल्या लोकसंगीतात मानाने बसला. आपल्याकडे त्याला मान मिळाला तो मिरवणुकीत. पुढे 2016 मध्ये रवी जाधव यांनी मुंबईच्या बेंजो पार्टीवर हिंदी सिनेमाच काढला.

अमेरिकेतल्या बँजोशी आपल्या बेंजोचं नातं नावापुरतंच. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून तो वाजवला. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची बैठकीतली शैली रुळली: नखी न लावता, बोटांच्या टोकांनी छेडायचं. त्यासाठी आतड्याच्या तारा असत. आज तिथे नायलॉनच्या लावतात. मऊ तार, मऊ बोट आणि खाली ताणलेलं कातडं, असा तो मेळ.

आपल्या बेंजोत कातडंच नाही. लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात. बटण दाबलं की खालची पट्टी तार पडद्यावर टेकवते, तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. लांबी निम्मी झाली की वरचा सा. म्हणजे स्वराची जागा डाव्या हाताने शोधायची कटकट कारखान्यातच मिटवलेली. म्हणून पुष्कळ जण याला खेळणं समजतात. मला ते पटत नाही. बटणामुळे सूर आयता मिळतो खरा, पण मींड जवळजवळ हातची जाते. मग गाण्यातला जिवंतपणा आणायचा तो उजव्या हाताने: कुठे एकच आघात, कुठे तीच तार भरभर छेडून लांबवलेला सूर. नवशिक्या डाव्या हाताकडे बघत बसतो. जाणता वादक उजवा हात ठेक्यात बसेपर्यंत गाण्याला हातच घालत नाही.

मिरवणुकीसाठी या पेटीत पिकअप बसला आणि तारेचा प्रश्न कायमचा मिटला. पिकअपमध्ये चुंबक असतो. त्याच्यावर पोलादी तार थरथरली तरच विजेचा इशारा निघतो आणि स्पीकर बोलतो. नायलॉनची तार कितीही गोड असली तरी त्या चुंबकाला तिचा पत्ताही लागत नाही.

राहिला प्रश्न जाडीचा. गायकाचा सा वरचा आहे, तेव्हा जाड तार लावू, म्हणजे तुटणार नाही, असा एक समज आहे. तो फसवा आहे. लांबी तीच ठेवून तोच सूर काढायचा तर जाड तारेला ताणही त्या प्रमाणात जास्त द्यावा लागतो. तिची जादा ताकद तिथेच खर्च होते. म्हणजे वरच्या सुराला जाड तारही बारीक तारेइतकीच तुटायला टेकते, शिवाय खुंट्यांवर आणि पेटीवर जोर वाढतो तो वेगळाच. जाडीने बदलतो तो आवाजाचा भरीवपणा आणि हाताला लागणारा जोर. सूर फारच वर हवा असेल तर तार बदलून भागत नाही, पट्टी खाली घ्यावी.

सुराच्या दोन तारा एकाच स्वरात लावलेल्या असतात, त्या बदलायच्या तर दोन्ही एकदम. एक जुनी, एक नवी ठेवली की नवी ताणून उतरत जाते आणि दोघींत लाटा उठतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसात पोलाद गंजायलाही वेळ लागत नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं. नव्या तारा गणपतीच्या आगमनाच्या आधी दोन-चार दिवस चढवून, रोज वाजवून, उतरलेला सूर पुन्हा लावत राहायचा. आगमनाच्याच सकाळी चढवणाऱ्याला मिरवणूकभर खुंट्या पिळाव्या लागतात, आणि ट्रॉलीवर उभं राहून ते काम होत नाही.