गावाच्या तब्येतीचं ठरवताना गावाला विचारलं कधी?

२ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात. 'आरोग्य' हा विषय त्यात असतोच, पण वाचून होईपर्यंत मंजूरही झालेला असतो. म्हणून थोडा मागचा इतिहास सांगावासा वाटला. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गावाला विचारून आरोग्याचं ठरवावं ही कल्पना नवी नाही. १९४३ साली इंग्रज सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४६ च्या तिच्या अहवालात प्रत्येक गावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी असं लिहिलंय. म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी! पुढे १९७७ ला जनता सरकारने 'जनतेचं आरोग्य जनतेच्या हाती' म्हणत गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमले. १९७८ ला अल्मा आटाच्या जागतिक परिषदेने सांगितलं की आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे, आणि कर्तव्यही. कागद भरपूर झाले. लोकांना खरंच विचारलं तेव्हा काय झालं, ते पाहायला मात्र जामखेडला जावं लागतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दोघंही शिकलेले, परदेशातून आलेले. दवाखाना टाकून बसले असते तरी लोकांनी पाया पडून आभार मानले असते. पण त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली, तर लोकांच्या यादीत औषध वरच्या नंबरला नव्हतंच. पाणी आणि पोटाला अन्न, हे आधी. त्यात १९७२ चा दुष्काळ तोंडावर. मग डॉक्टर लोक बोअरवेलच्या मागे लागले. आणि इथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: हातपंप दलित वस्तीत बसतील असं त्यांनी पाहिलं. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिथं यायचं. 'गावाला विचारा' म्हटलं की पारावर बसलेले चार जण उत्तर देतात आणि ते गावाचं मत ठरतं, हे आरोळेंनी ओळखलं होतं.

तीच गोष्ट आरोग्य सेविकांची. आधी प्रशिक्षित नर्सबाई खेड्यात ठेवून पाहिल्या, त्या रमल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडल्या. अनेकजणी निरक्षर, बऱ्याच दलित. बाळंतपण, जुलाब, लसीकरण त्यांनी सांभाळलं. आजच्या आशाताईंची ही थोरली बहीणच म्हणा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे कपडे तर आम्ही मेलेल्यावर घालतो. पेशंटबरोबर नातेवाइकांना राहू देत नाहीत. आणि तिथं देव कुठाय? मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाइकांची सोय झाली, आणि दवाखान्याला नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. यातलं काहीही मुंबईत मंत्रालयात बसून सुचलं नसतं.

आता सरकारी बाजू. २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, सुरुवातीला पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत. पुण्याची 'साथी' संस्था राज्यात समन्वय करत होती. पद्धत साधी. गावातल्या समितीने लोकांना विचारायचं: नर्सबाई येतात का, औषध मिळतं का, पैसे मागतात का, वागणूक कशी? त्यावरून केंद्राचं प्रगतिपुस्तक. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे मधलं, लाल म्हणजे वाईट. आणि मग जनसुनवाई.

मी नवा बातमीदार असताना अशी एक जनसुनवाई कव्हर केली होती. मांडवात समोर डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद सदस्य. एका आजीने माईक हातात घेऊन विचारलं, 'सुई फुकट हाय ना? मग पन्नास रुपये कशाचे?' मांडवात चिडीचूप. साहेब लोकांनी आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. नुसत्या तक्रारपेटीत टाकलेल्या चिठ्ठीने हे होत नाही. चारचौघांत विचारलं की उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच सुनवाई अधिकाऱ्यांना नकोशी वाटते, असं माझं मत.

आता आपल्याकडचं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर गावोगाव आहे. तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी ठरला. तुमच्या गावात तो कशावर खर्च झाला, माहितीये? ब्लीचिंग पावडर आणि झेरॉक्स, हे उत्तर मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय.

आणि वेळेचं बघा. आराखड्याच्या सभा ऑक्टोबरपासून, मग २६ जानेवारीची ग्रामसभा. नेमक्या याच काळात आपली ऊसतोड माणसं टोळीबरोबर बाहेर असतात, ती परत येतात मार्च-एप्रिलला. फडात बाळंत होणारी बाई, पाळीमुळे कामाचा खाडा पडू नये म्हणून पिशवी काढून घेणारी बाई, गावात मागे राहिलेली अंथरुणावरची म्हातारी आणि तिला सांभाळणारी दहा वर्षांची नात. यांचं मत कोणत्या ठरावात येणार? गावाच्या आरोग्याचा प्राधान्यक्रम ठरतो तेव्हा ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तेच गावात नसतात.

मागणी अवघड नाहीये. टोळ्या निघायच्या आधी, सप्टेंबरात, फक्त आरोग्यावर एक सभा घ्या. आधी महिला सभा, तीही वस्तीवर, शाळेत नको. घरात अंथरुणाला खिळलेली माणसं किती, याची यादी आशाताईंकडून वाचून घ्या. केंद्रात रात्री कोण असतं आणि साप चावल्यावरची लस आहे का, ते डॉक्टरांना समोर बोलावून विचारा. आणि समितीचं बँक पासबुक सभेत मागा.

ज्या गावात अशी सभा ठरेल त्यांनी तारीख कमेंटमध्ये टाका. मी वही-पेन घेऊन येतो.