आकाशांतलें अंतर

विमानप्रवासाचें नाशिककरांस नवल तें काय? लंकेहून परततांना रामानें पुष्पकांतून सीतेला पंचवटी दाखविली, असें कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत वर्णिलें आहे. मात्र त्या प्रवासांत तासांचा हिशेब नाहीं. आपल्या इलाख्यांत तो हिशेब टपालानें शिकविला. विलायतेचें टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत विमानानें येई, पुढें आगगाडी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन लहानशा पुस मॉथ विमानानें कराचीहून एकटेच निघाले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडींतून आले. दुपारीं विमान जुहूस उतरलें. तेथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं तें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें.

पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, ७८ वर्षांच्या टाटांनीं त्याच मार्गानें पुन्हां उड्डाण केलें. पण मध्यें १९४७ ची फाळणी होऊन गेली होती. मुंबई-कराची हें सरळ अंतर सुमारें ५५० मैल. आजच्या जेट विमानास दीड तासाचें. तरी आज या दोन शहरांमध्यें थेट विमान जात नाहीं. पल्ला यंत्रानें तोडला, तो माणसांनीं पुन्हां वाढविला. पुष्पकाच्या वाटेंत समुद्र होता, दंडकारण्य होतें. सरहद्द तेवढी नव्हती.