गोदूबाईंची पाटी



गटाच्या रजिस्टरवर सही करायची वेळ आली, की एखादी म्हणतेच, "माझा अंगठाच घ्या बाई. आता या वयात काय शिकायचं?" आज तिच्यासाठी गोदूबाईंची गोष्ट आणली आहे.

गोदूबाई जोशी कोकणातल्या देवरुखच्या. लग्न झालं आणि आठव्या वर्षीच कपाळ पुसलं. नवरा म्हणजे कोण, हे तरी त्या पोरीला कळलं असेल का? पुढचं सगळं ठरलेलं. घरादारासाठी राबायचं आणि शुभकार्यात समोर यायचं नाही. त्या काळी म्हणत, बाई शिकली की तिचा नवरा मरतो. ही तर न शिकताच विधवा झाली होती!

तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत होता. तीही तिथे आली. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं. तो दिवस होता 11 मार्च 1889. समारंभाच्या अध्यक्ष होत्या काशीबाई कानिटकर. या काशीबाईसुद्धा लग्नानंतर, घरच्यांची बोलणी खात वाचायला शिकल्या आणि पुढे लेखिका झाल्या. सदनात शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे आपली गोदूबाई. वयाची विशी तेव्हा उलटून गेली होती.

एक मात्र सांगायला हवं. हे दार मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी उघडलं होतं. त्याच मुंबईत परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाईला कुणी पाटी दिली नाही. तिच्या वाट्याला अक्षर फार उशिरा आलं.

पुढे सदन पुण्याला गेलं, गोदूबाईही गेल्या. 1893 साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. सगळे त्यांना बाया म्हणत. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला.

आता बायांची धाकटी बहीण पार्वती आठवले. विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगा, अक्षराची ओळख नाही. बायांमुळे ती पुण्याला आली आणि सव्विसाव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मुलगा शाळेत जाण्याच्या वयाचा आणि आई अ-आ गिरवतेय! लोक हसले असतील, नाही का? पण हीच पार्वतीबाई पुढे गावोगाव भाषणं देऊन आश्रमासाठी पैसे जमवू लागली. 1918 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन ती अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी भांडी घासली, इंग्रजी शिकली आणि आश्रमासाठी मदत मागितली.

दोघी बहिणींनी आपापली जीवनकथा लिहिली. पार्वतीबाईंच्या पुस्तकाचं नाव 'माझी कहाणी', बायांच्या पुस्तकाचं 'माझे पुराण'. गटात वाचायला घेतलीत, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारी बसवून मोठ्याने वाचा.