कॅमेऱ्याचे शब्द : अंधाऱ्या खोलीपासून पोलीस ठाण्यापर्यंत

मुस्लिम वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला आणि तो इब्न अल-हैसमने दिला, असा त्याचा आशय. वाचून छाती फुगते, पण ते खरे नाही. कॅमेरा हा लॅटिन शब्द. त्याचे मूळ ग्रीक आणि अर्थ कमानदार छताची खोली. पोर्तुगिजांसोबत तोच शब्द आपल्याकडे आला आणि हिंदी-उर्दूत ‘कमरा’ झाला. म्हणजे कमरा आणि कॅमेरा ही सख्खी भावंडे, पण घराणे अरबी नव्हे. वर्तमानपत्रातल्या ‘इन-कॅमेरा सुनावणी’तही हाच जुना अर्थ शिल्लक आहे. तिथे चित्रीकरणाचा संबंध नाही. सुनावणी बंद खोलीत होते, एवढेच.

मग इब्न अल-हैसमचे काय? त्याला या उसन्या मोठेपणाची गरजच नाही. सुमारे 965 साली बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने ‘किताब अल-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात प्रकाशाचा अभ्यास मांडला. त्याचा एक प्रयोग कोणालाही घरी करता येईल. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर बाहेर काही दिवे ठेवले, तर आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होतो. म्हणजे किरण सरळ रेषेत येतात आणि एकाच छिद्रातून जाताना एकमेकांत मिसळत नाहीत. हा ग्रंथ 1200 च्या आसपास लॅटिनमध्ये गेला, 1572 साली बाझलला छापला गेला. केप्लरने 1604 साली ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, हे नाव वापरले, तेव्हा तो याच परंपरेत काम करत होता. शब्द युरोपचा, पण त्यामागच्या ज्ञानात बसरा आणि कैरोचा वाटा मोठा. पुराव्याने सिद्ध होणारा अभिमान एवढा असताना खोट्या व्युत्पत्तीचा आधार कशाला?

आज मशिदीच्या ट्रस्टपुढे, मदरशापुढे किंवा सोसायटीच्या सभेत सुरक्षा कॅमेऱ्यांचे कोटेशन येते. त्यातले शब्द न समजताच सही होते. यातल्या बऱ्याच शब्दांनाही इतिहास आहे.

‘लेन्स’ म्हणजे लॅटिनमध्ये मसूर. भिंगाचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, म्हणून हे नाव. अरबीतही मसूर आणि भिंग दोहोंना ‘अदसा’ म्हणतात. कोटेशनमध्ये लेन्सपुढे 2.8 किंवा 6 मिलिमीटर असे आकडे असतात. आकडा लहान तर दृश्य रुंद, पण माणूस लहान दिसतो. आकडा मोठा तर दृश्य अरुंद, पण लांबचा चेहरा ओळखू येतो. फाटकावर कोणता लावायचा, हे त्यावरून ठरवावे.

‘पिक्सेल’ हा ‘पिक्चर एलिमेंट’चा संक्षेप, 1965 पासून छापील लेखनात दिसणारा. 2 मेगापिक्सेल म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, एकूण 20 लाख 73 हजार 600.

‘सीसीटीव्ही’मधला पहिला ‘सी’ म्हणजे क्लोज्ड, बंद. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सर्वांसाठी खुले असते, इथे मात्र चित्र ठरावीक पडद्यावरच जाते. 1942 साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-2 अग्निबाणाचे उड्डाण दूरवरून सुरक्षितपणे पाहता यावे म्हणून अशी यंत्रणा बसवली गेली. ती यंत्रावर नजर ठेवण्यासाठी होती. घराच्या दारावर कॅमेरा आणण्याची कल्पना न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेची. त्यांच्या भागात बोलावल्यावर पोलीस वेळेवर येत नसत. त्यांनी पतीसह 1966 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 साली ते मिळाले.

‘अल्गोरिदम’ मात्र खरोखर आपल्या ओळखीच्या नावावरून आला आहे : बगदादचे अल-ख्वारिज्मी. कॅमेऱ्यातली ‘मोशन डिटेक्शन’ म्हणजे हालचाल ओळखण्याची सोय अल्गोरिदमवरच चालते. एन्क्रिप्शनच्या चर्चेतला ‘सायफर’ म्हणजे अरबी ‘सिफर’, उर्दूतले शून्य. आणि सिफर हे संस्कृत ‘शून्य’चे भाषांतर. भारत, बगदाद, युरोप असा प्रवास करून हा शब्द संगणकातून आपल्याकडे परतला आहे. या शब्दांकडे दुर्लक्ष केल्याची किंमतही मोठी असते. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड कधीच न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांची सेवा ठप्प पाडली गेली.

सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘स्टोरेज’. रेकॉर्डर भरला की जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. हिशेब सोपा आहे : सेकंदाला 4 मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 गिगाबाइट जागा खातो. 1 टेराबाइटची डिस्क एका कॅमेऱ्याला 23 दिवस पुरेल, चार कॅमेऱ्यांना सहा दिवसही नाही. आठवड्याने तक्रार दिली, तर पुरावा पुसला गेलेला असेल.

हा हिशेब सोसायटीपुरता राहत नाही. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचे सविस्तर आदेश दिले. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कॅमेऱ्यांना ‘नाइट व्हिजन’ हवे, चित्रासोबत आवाजही नोंदला जावा, आणि चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपावे, असे न्यायालय म्हणते. वरच्या हिशेबाने एका कॅमेऱ्याला वर्षभरासाठी जवळपास 16 टेराबाइट लागतात.

कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार आली की ‘कॅमेरा होता का?’ एवढे विचारून आपण थांबतो. पुढचे प्रश्न शब्द कळल्याशिवाय सुचत नाहीत. त्या लेन्समधून चेहरा ओळखू येतो का? आवाज नोंदला जातो का? रात्री दिसते का? चित्रण किती दिवस राहते आणि ते मागण्याचा अर्ज आपण त्याआधी दिला का? आपल्या वस्तीतल्या तरुण वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी हे प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून जवळच्या ठाण्यात द्यावेत. ‘कॅमेरा अरबी आहे’ हा संदेश पुढे ढकलण्यापेक्षा ते काम जास्त उपयोगाचे आहे.